कनेक्टरची पिन सोल्डर घेत नाही? पावसाळ्यात हमखास येणारा प्रॉब्लेम आणि तो शोधायचा क्रम

बर्ग स्ट्रिप (बोर्डवर लावायची पिनांची ओळ) असो, रिलिमेट कनेक्टरच्या पिना असोत, डीसी जॅक असो की वायरच्या टोकाला लावायचा साधा पितळेचा लग, पाकिटातून काढला तेव्हा चकचकीत, आणि बोर्डवर लावून सोल्डर करायला गेलं की सोल्डर पिनवर चढतच नाही. मुंबईत साकीनाक्याला आमच्याकडे लहान बोर्डांचं आणि पॅनेल वायरिंगचं जॉबवर्क चालतं, आणि हा फॉल्ट मी इतक्या वेळा निस्तरलाय की आता कुणी "दादा, ही पिन घेतच नाहीये" म्हणालं की मी सोल्डरिंग आयर्नकडे बघायच्या आधी पिनचं पाकीट मागतो. मार्चमध्ये ज्या लॉटनं काही त्रास दिला नाही तोच ऑगस्टमध्ये नाटकं करतो. त्यामुळे लोक म्हणतात हवा दमट आहे म्हणून, आणि ते अर्धं बरोबर आहे. दमट हवेनं काम बिघडतं खरं, पण बिघडायची सोय आधीच प्लेटिंगमध्ये, म्हणजे पिनवरच्या धातूच्या मुलाम्यात, झालेली असते.

हे सगळं एवढं लांबण लावून लिहितोय कारण असा जोड टेबलावर पास होतो. मीटरवर बीप येतो, बोर्ड चालू होतो, माल जातो, आणि दोन-चार महिन्यांनी गिऱ्हाईकाचा फोन येतो की मशीन मधेच बंद पडतं आणि हलवलं की चालू होतं. तेव्हा शोधायला दसपट वेळ जातो.

आधी लक्षणं नीट बघा

घड्याळवाल्याचं भिंग असेल तर उत्तम, दहापट पुरतं. नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा, पण बघा नक्की, कारण "घेत नाही" हे एक लक्षण नाही, त्यात चार-पाच वेगवेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार, सोल्डर गोळा होऊन बसतं. कडा पिनला टेकतात पण पसरत नाहीत, गार झाल्यावर नखानं ढकललं की मणी सुटून येतो आणि खालची पिन जशीच्या तशी. याला नॉन-वेटिंग म्हणतात.

दुसरा फसवा आहे. सोल्डर आधी छान पसरतं, तुम्ही खूश होता, आणि दोन सेकंदांत ते मागे सरकून ढेकळं होतात, मधे मधे पातळ मळकट पापुद्रा राहतो. हे डी-वेटिंग. हा प्रकार दिसला तर समजा की वरचा थर ठीक होता, त्याच्या खाली गडबड आहे.

तिसरा, चौकोनी किंवा चपटी पिन दोन बाजूंनी घेते आणि दोन बाजूंनी नाही, ओळीतल्या सगळ्या पिनांना त्याच त्याच बाजूला. चौथा, जोड दिसायला बरा पण वायर जरा ओढली की सोल्डर कपासारखं अख्खं निघतं आणि आतून करडा नाहीतर काळपट ठसा दिसतो. पाचवा, सोल्डर घेतं पण फसफसतं, बारीक बुडबुडे येतात आणि गार झाल्यावर भोकं राहतात.

शिवाय रंग. टिनच्या पिनेवर पिवळट झाक, सिल्व्हर प्लेटेड टर्मिनलवर तपकिरी-काळा डाग, पितळेच्या लगवर पांढरी भुकटी, जे दिसेल ते पाकिटावर पेनानं लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

चकचकीत थराच्या खाली काय असतं

तपासायच्या आधी एवढं समजून घ्या, नाहीतर पुढच्या टेस्ट कशासाठी करतोय ते कळणार नाही.

पिनवर जो चकचकीत थर दिसतो तो जोडामध्ये राहत नाही. टिन २३२ अंशाला वितळतं आणि आपलं बिट, म्हणजे आयर्नचं टोक, असतं ३२० ते ३५० वर, म्हणजे सोल्डर लागलं की प्लेटिंगचं टिन वितळून सोल्डरमध्येच जातं. सोनं त्या तापमानाला वितळत नाही पण गरम सोल्डरमध्ये क्षणात विरघळतं, चांदीही विरघळते. म्हणजे सोल्डर शेवटी धरून बसतं ते खालच्या धातूला, निकेलला नाहीतर तांब्याला. वरचा थर म्हणजे त्या खालच्या धातूला सोल्डर होईपर्यंत स्वच्छ ठेवणारं संरक्षण, तेवढंच त्याचं काम.

आता बहुतेक स्वस्त पिना आणि लग पितळेचे असतात, आणि पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त, नेहमीच्या पत्र्यात ३० ते ३५ टक्के जस्त. हे जस्त गप्प बसत नाही. टिनचा थर थेट पितळेवर दिला असेल तर जस्त हळूहळू टिनमधून वर येतं, पृष्ठभागावर पोचलं की हवेतल्या ऑक्सिजन आणि ओलाव्याशी जुळून जस्ताचं ऑक्साईड होतं, आणि त्याला साधा रोझिन फ्लक्स (सोल्डर करताना ऑक्साईड काढणारी राळ) हलवू शकत नाही. म्हणूनच पितळ आणि टिनच्या मधे निकेलचा किंवा तांब्याचा थर द्यायचा असतो, साधारण दोन-अडीच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जस्ताला अडवायला. हाच थर स्वस्त मालात गायब असतो, कारण वरून बघून तो आहे की नाही हे कुणालाच कळत नाही.

दुसरी भानगड तांब्याची. तांबं आणि टिन एकमेकांना लागून असले की मधे दोघांचा मिश्र धातू तयार होत राहतो, अगदी कपाटात ठेवलेला असताना सुद्धा, आणि गरमीत जास्त वेगानं. वरचं टिन पातळ असेल तर हा मिश्र थर टिन खात खात वरपर्यंत येतो आणि तिथे ऑक्साईड झाला की संपलं. टिनचा थर ५ ते ८ मायक्रॉन असेल तर बरीच वर्षं निघतात, एक-दीड मायक्रॉनवर भागवलेलं असेल तर मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पडलेलं पाकीट पावसाळ्यात हात दाखवतं. मार्च आणि ऑगस्टचं कोडं ते हे.

जुनी माणसं म्हणतात पूर्वी असं व्हायचं नाही, तर त्यातही तथ्य आहे. पूर्वी प्लेटिंग टिन-लेडचं, म्हणजे टिन आणि शिशाचं, असायचं, ते जास्त सोशिक होतं. १ जुलै २००६ पासून युरोपात शिशासारख्या घातक पदार्थांना आळा घालणारा आरओएचएसचा नियम लागू झाला आणि कनेक्टर बनवणाऱ्यांनी जगभर शुद्ध टिन धरलं. शुद्ध टिन वाईट नाही, पण खालचा थर आणि जाडी नीट असावी लागते, तिथे चालढकल चालत नाही.

१. बिट, हीट आणि सोल्डरची तार (खर्च शून्य)

सगळ्यात आधी पिनवर संशय घेऊ नका. तांब्याच्या वायरचं ताजं टोक सोला, त्याच आयर्ननं, त्याच सोल्डरनं टिन करून बघा. लगेच पसरलं तर आयर्न आणि सोल्डर दोन्ही निर्दोष, पुढे चला. नाही पसरलं तर बिट काळं पडलंय का बघा, ओल्या स्पंजवर पुसून नवं सोल्डर लावा, तरी चकाकत नसेल तर बिट बदला.

मोठा लग किंवा जाड टर्मिनल असेल तर २५ वॅटचं आयर्न तिथे पुरत नाही, लगच सगळी उष्णता ओढून घेतो आणि सोल्डर वरच्या वर थिजतं. तो प्लेटिंगचा दोष नव्हे. मोठं चपटं बिट लावा, जास्त वॅटचं आयर्न घ्या.

पण हीट वाढवून प्रॉब्लेम सुटेल असं समजून ४५० वर नेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. ऑक्साईड हीटनं जात नाही, उलट वाढतो, फ्लक्स काम करायच्या आधीच जळतो, आणि कनेक्टरचं प्लास्टिक मऊ पडून पिन तिरकी होते. पीबीटीची बॉडी असेल तर ते प्लास्टिक २२५ च्या आसपासच वितळतं, नायलॉन ६६ असेल तर २६० च्या. तिरकी पिन दिसायला क्षुल्लक, पण समोरचा कनेक्टर मग नीट बसत नाही आणि नवाच फॉल्ट जन्माला येतो.

लेड-फ्री तार वापरत असाल तर लक्षात ठेवा की ती प्रकाराप्रमाणे २१७ ते २२७ ला वितळते, ६३-३७ वाली (टिन-शिशाची) १८३ लाच, आणि लेड-फ्री मुळातच जरा कमी पसरते. त्यामुळे दोन्हींची तुलना एकाच नजरेनं करू नका.

२. फ्लक्स (चाळीस-पन्नास रुपये)

नव्या बाटलीतला रोझिन फ्लक्स पाच पिनांना लावा आणि सोल्डर करा. पाचही नीट आल्या तर तुमच्या तारेतला फ्लक्स जुना किंवा कमी आहे, तार बदला, विषय संपला. काही आल्या काही नाही, किंवा जोर लावल्यावर आल्या, तर पिनवर ऑक्साईड आहे पण हलका. एकही नाही आली तर खाली काहीतरी आहे.

आता इथे एक मोह होतो. पत्र्याचं काम करणाऱ्यांकडचं अ‍ॅसिड, म्हणजे झिंक क्लोराईड, लावलं की हीच पिन पटकन घेते आणि सगळे म्हणतात सुटला प्रॉब्लेम. पितळेच्या पातेल्याला कल्हई लावताना बघितलं असेल, कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो, पांढरा धूर येतो, आणि मग कापसाचा बोळा फिरवला की कथील सरसर पसरतं. अ‍ॅसिड फ्लक्स इथे तेच करतो. फरक असा की भांडं लगेच पाण्यात बुडतं आणि धुऊन निघतं, कनेक्टरच्या आत, वायरच्या पिळात, प्लास्टिकच्या फटीत शिरलेलं क्लोराईड कोण धुणार? ते तिथेच राहतं, आपल्या हवेतला ओलावा ओढतं, आणि काही महिन्यांत वायर हिरवी पडून तुटते. त्यामुळे बोर्डवर आणि कनेक्टरवर अ‍ॅसिड नाही. डबीतल्या पेस्टवर "इलेक्ट्रॉनिक्ससाठी" लिहिलेलं नसेल तर ती पण नाही.

३. तेल, बोटं, सिलिकॉन (आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली)

पिना पंचिंग प्रेसमधून येतात तेव्हा त्यावर तेल असतं, ते प्लेटिंगच्या आधी निघायला हवं आणि माल बरा असेल तर निघतं. पण नंतर बोटाचा घाम लागतो, आणि घामात मीठ असतं. कुणी शेजारच्या टेबलावर सिलिकॉन स्प्रे मारत असेल तर त्याचा थर तर दिसतही नाही.

एकाच स्ट्रिपच्या अर्ध्या पिना आयपीएमध्ये बुडवलेल्या ब्रशनं घासा, सुकू द्या, अर्ध्या तशाच ठेवा, आणि दोन्ही सोल्डर करा. धुतलेल्या बाजूनं घेतलं तर हात लावायची पद्धत सुधारा, पिन नाही, प्लास्टिक धरा. फरक पडला नाही तर मळाचा विषय संपला. थिनरनं धुऊ नका, काही प्लास्टिकला तडे जातात.

४. पाकीट कुठे होतं (फुकट, पण लोक हे विचारतच नाहीत)

किती दिवसांपासून उघडं आहे, कुठल्या कपाटात, पत्र्याच्या छताखाली का? रबर बँड लावलं होतं का? रबरात गंधक असतं, आणि गंधकाचं आणि चांदीचं वैर आहे, सिल्व्हर प्लेटेड टर्मिनलवर रबर बँड लागलं त्या जागी काळा पट्टा उमटतो. वर्तमानपत्रात गुंडाळणं, साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात उघडं ठेवणं, तोच धोका. नाल्याकाठी, खाडीकाठी गाळा असेल तर हवेतच हायड्रोजन सल्फाईड असतो, वास येतोच की, आणि शिवाय समुद्राचं मीठ. मुंबईत चांदीचं प्लेटिंग उघडं ठेवणं म्हणजे डाग मागवून घेणं.

चांदीचा हलका डाग असेल तर घाबरू नका, जरा तेज रोझिन फ्लक्सनं बहुतेक वेळा निघतो. काळाकुट्ट असेल तर सोडून द्या.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सुटा माल घेतला असेल तर पाकिटावर तारीख नसते, लॉट नंबर नसतो, दुकानदारालाही माहीत नसतं. प्रोटोटाईपला तो माल उत्तम आहे, मीही घेतो. गिऱ्हाईकाला जाणाऱ्या कामात तो घालायचा असेल तर पुढच्या दोन टेस्ट केल्याशिवाय नको.

५. चुंबक आणि ब्लेड

ही माझी सगळ्यात आवडती टेस्ट, कारण दोन मिनिटांत अख्खा लॉट कळतो.

आधी चुंबक. पिन किंवा लग खटकन चिकटला तर आत पितळ नाही, लोखंड आहे, वर टिन किंवा निकेलचा मुलामा. स्वस्त लग आणि थिंबलमध्ये हे सर्रास मिळतं. लोखंडाची वाहकता पितळेपेक्षा कमी, आणि मुलामा जिथे खरवडला जाईल तिथे गंज. पॉवरच्या वायरला असा लग लावूच नका, सोल्डर घेतलं तरी नाही. निकेलला सुद्धा चुंबक ओढतं, पण दोन-तीन मायक्रॉनच्या थराची ओढ हाताला जाणवत नाही, त्यामुळे गोंधळ होत नाही.

मग ब्लेड. समोरच्या कनेक्टरमध्ये जी बाजू जाते ती सोडून, सोल्डरच्या बाजूवर नव्या ब्लेडनं हलकेच तिरकं खरवडा आणि भिंगाखाली बघा. टिन मऊ असतं, ते पांढऱ्या कातरणासारखं निघतं. त्याखाली कडक, किंचित पिवळसर छटेचा करडा चमकदार थर लागला, ब्लेड घसरायला लागलं, तर तो निकेल, चांगली बातमी. लालसर दिसलं तर तांबं, ठीक आहे. टिनच्या खाली लगेच पिवळं पितळ दिसलं तर तुमचं उत्तर मिळालं, मधला थर दिलेलाच नाही. हा लॉट आज घेईल, सहा महिन्यांनी घेणार नाही.

भिंग हातात आहे तोवर पिनच्या कडा पण बघा. काही पिना आधी प्लेटिंग केलेल्या पट्टीतून कापतात, म्हणजे वरची-खालची बाजू पांढरी आणि कापलेल्या दोन कडा उघड्या पितळेच्या. दिव्याखाली पिन फिरवली की केसाएवढी पिवळी रेघ स्पष्ट दिसते. वर जो तिसरा प्रकार सांगितला, दोन बाजू घेतात आणि दोन नाही, तो बहुतेक वेळा हाच. कापलेलं टोक उघडं असणं चालतं, त्याला कुणी नाव ठेवत नाही. पण सोल्डर ज्या बाजूंना धरायचं त्या उघड्या असतील तर माल ताजा असतानाच वापरा, किंवा कापल्यानंतर प्लेटिंग केलेली पिन मागवा.

पिवळा किंवा इंद्रधनुषी झाक असलेला लग दिसला तर तो बहुतेक झिंक प्लेटेड आणि वर क्रोमेट. तो स्क्रूनं आवळायला आहे, सोल्डर करायला नाही, त्याच्याशी झगडू नका.

६. खोडरबर किंवा फायबर पेन

एक पिन साध्या खोडरबरानं किंवा फायबर पेननं (काचतंतूंचं घासायचं पेन) घासा, रबराची भुकटी आयपीएनं पुसा, फ्लक्स लावून लगेच सोल्डर करा. घासल्यावर झकास घेतलं तर ऑक्साईड वरच्या वर होता. घासून घेतं पण डी-वेटिंग होतं, किंवा घासूनही घेत नाही, तर मिश्र धातूचा थर वर आलाय आणि तो घासून जाणार नाही.

ही फक्त टेस्ट आहे, उपाय नाही. पॉलिश पेपरनं हजार पिना घासायला कुणाला बसवू नका. टिनचा उरलासुरला थर त्यात जातो, आणि चुकून समोरची बाजू घासली गेली तर तिथलं संरक्षण कायमचं गेलं. गोल्ड फ्लॅश (सोन्याचा अगदी पातळ मुलामा) असेल तर सोनं एक दशांश मायक्रॉनच्या आसपास, दोनदा खोडरबर फिरला की खालचं निकेल उघडं.

७. बुडवून बघायची टेस्ट (लहान सोल्डर पॉट, म्हणजे वितळलेल्या सोल्डरचं भांडं लागतं)

पाच पिना फ्लक्समध्ये बुडवा, जास्तीचा निथळू द्या, पॉटवरचा मळ बाजूला सारा, पाच सेकंद बुडवा, बाहेर काढून धुवा आणि भिंगाखाली बघा. सोल्डर धरतं का हे तपासायच्या जे-एसटीडी-००२ या मानकात हीच पद्धत आहे, आणि निकष असा की बुडालेल्या भागाचा किमान ९५ टक्के भाग सलग, नव्या सोल्डरनं झाकलेला हवा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं एका जागी गोळा झालेली नकोत.

नवा लॉट स्वीकारायचा की नाही हे ठरवायचं असेल तर आधी पिना उकळत्या डिस्टिल्ड पाण्याच्या वाफेवर ८ तास टांगून मग बुडवा. पाणी पिनांना लागू देऊ नका आणि झाकणाचे थेंब पडू देऊ नका. अशी वाफ देणं ही जुनी, रुळलेली पद्धत आहे, त्यानं माल म्हातारा होतो आणि कपाटात पुढे जे होणार ते आजच दिसतं. पितळेवर थेट टिन असेल तर या टेस्टमध्ये जस्त वर येऊन ती खोट बहुतेक वेळा उघडी पडते.

पॉटमध्ये पितळेच्या पिना सारख्या बुडवत राहिलात तर जस्त आणि तांबं पॉटच्या सोल्डरमध्ये उतरतं, सोल्डर रवाळ आणि मंद होतं, आणि मग चांगली पिनही नापास दिसायला लागते. टेस्टचा पॉट वेगळा ठेवा, सोल्डर बदलत जा.

लॉट वाचवायचा असेल तर

ऑक्साईड हलका आणि खाली निकेल किंवा तांबं निघालं, तर सोल्डरची बाजू तेवढी फ्लक्स लावून पॉटमध्ये बुडवून पुन्हा टिन करून घेता येते. ही बाजू मग बराच काळ टिकते, कारण जाडी मायक्रॉनमध्ये नाही, त्याहून पुष्कळ जास्त येते. समोरच्या बाजूला सोल्डर चढू देऊ नका आणि फ्लक्स पूर्ण धुवा.

जाड गोल्ड असलेल्या जुन्या डी-सबच्या (डी आकाराच्या कनेक्टरच्या) सोल्डर कपला दोनदा टिन करून पहिल्या वेळचं सोल्डर विकनं (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीनं) काढून टाकायचं असतं. जोडात सोनं तीन-चार टक्क्यांवर गेलं तर तो ठिसूळ होतो. फ्लॅश गोल्डला याची गरज पडत नाही.

खाली थेट पितळ निघालं तर माझं मत स्पष्ट आहे, लॉट परत करा. आज कसाबसा लावलात तर तेच पाकीट पुढच्या महिन्यात पुन्हा टेबलावर येणार आहे. बुडबुडे येणारा माल पण परत, चमक यावी म्हणून टिनच्या बाथमध्ये टाकलेली सेंद्रिय रसायनं थरात अडकलेली असतात, ती गरम झाल्यावर बाहेर येतात, आपल्या हातात काही नसतं.

इथे थांबा, पुढचं काम दुसऱ्याचं

जुने, गोल, ऑलिव्ह हिरवे किंवा सोनेरी झाक असलेले लष्करी पद्धतीचे कनेक्टर भंगारातून आले असतील तर त्यावर कॅडमियम असू शकतं. घासू नका, तापवू नका, बिट लावू नका. कॅडमियमचा धूर फुप्फुसाचं कायमचं नुकसान करतो आणि इजा लगेच कळतही नाही. पिशवीत बंद करून बाजूला ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाला सांगून द्या.

लिफ्ट, फायर अलार्म, हॉस्पिटलचं मशीन, सोसायटीच्या मीटर रूममधला जळका लग, यातलं काहीही असेल तर आपली टेस्ट तिथे संपली. ते त्या त्या सर्व्हिसवाल्याचं किंवा लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनचं काम. आणि मेनच्या स्क्रू टर्मिनलमध्ये जाणाऱ्या वायरला सोल्डर लावूच नका, सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं, स्क्रू ढिला होतो आणि वायर तापते. तिथे योग्य मापाचं क्रिंपिंगच, म्हणजे दाबून बसवलेलं टोकच, हवं.

घरी किंवा गाळ्यात प्लेटिंग करून बघतो असं कुणी म्हणालं तर नको. अ‍ॅसिड, काही बाथमध्ये सायनाईड, आणि वापरलेलं पाणी कुठे सोडणार? परवाना आणि सांडपाण्याची सोय असलेल्या प्लेटिंगवाल्याकडेच द्या, आणि तेही प्लास्टिकमध्ये बसवायच्या आधीचे सुटे पार्ट.

सप्लायर म्हणतो निकेल दिलंय आणि तुमच्या ब्लेडखाली दिसत नाही, रक्कम मोठी आहे, तर वाद घालत बसू नका, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये एक्स-रे फ्लुरोसन्सनं थरांची जाडी मोजून घ्या, पिन तोडावी लागत नाही. दमट हवेची आणि मिठाच्या फवाऱ्याची टेस्ट हवी असेल तर अंधेरीला एमआयडीसीत सरकारची ईआरटीएल पश्चिम ही लॅब आहे, आपल्या पार्टसाठी काय काय होतं ते आधी विचारून जा.

पुन्हा येऊ नये म्हणून

ऑर्डर देताना नुसतं "टिन प्लेटेड" लिहू नका. मूळ धातू कोणता, खाली निकेल की तांबं आणि किती मायक्रॉन, वर टिन किती मायक्रॉन, मॅट (निस्तेज) की ब्राईट (चकचकीत), प्लेटिंग कापायच्या आधी की नंतर, आणि पाकिटावर प्लेटिंगची तारीख. मी निकेलवर मॅट टिन मागतो. मॅटमध्ये ती सेंद्रिय भर कमी असते, आणि शुद्ध ब्राईट टिनमधून वर्षा-दोन वर्षांत केसासारखे बारीक धातूचे तंतू फुटून शेजारच्या पिनला शॉर्ट होण्याचा धोका जास्त असतो. भाव थोडा वाढतो. परत आलेला एक बोर्ड उघडून दुरुस्त करण्यापेक्षा तो कमीच पडतो, हे मला आता कुणी पटवून द्यायला नको.

माल आला की प्रत्येक पाकिटातल्या पाच पिना काढून ब्लेड आणि पॉट, लॉट मोठा असेल तर वाफ. मग झिपलॉक पिशवी, आत सिलिका जेल, हवा दाबून काढलेली, रबर बँड नाही, वर्तमानपत्र नाही, पत्र्याखालचं वरचं शेल्फ नाही. उघडलं की तारीख लिहा, काम संपलं की त्याच दिवशी परत बंद करा, आणि जुनं पाकीट संपल्याशिवाय नवं उघडू नका. जेलचे दाणे रंग बदलले की ओव्हनमध्ये सुकवून घ्या, जून ते सप्टेंबर हे जरा जास्तच वेळा करावं लागतं. आणि टेस्ट केलेल्या त्या पाच पिना फेकू नका, लॉट नंबर लिहून एका डबीत ठेवा, सप्लायरशी बोलताना फोटोपेक्षा त्या पिना टेबलावर ठेवलेल्या बऱ्या पडतात.